पायावरचं न्हाणं

"अक्का, हे काय आहे बघा की," भुवना म्हणाली.

चन्नू माझ्या पसरलेल्या पायांवर उताणा पडून छताकडे बघत हुंकार देत होता. मी त्याच्या छातीवर कोमट तेल घालून दोन्ही अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला चोळत होते. भुवना, माझी धाकटी जाऊ, समोर टॉवेल धरून उकिडवी बसली होती. तिनं बोट टेकवलं तिथं मीही चाचपलं. कातडीखाली हरभऱ्याएवढं काहीतरी कडक लागलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन्हीकडचं मांस जरा वर उचललेलं दिसत होतं. मी ते इतके दिवस बाळसं समजत होते.

"दूध हाय ते," सासूबाई दारातून म्हणाल्या. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणायचो. "आईचं दूध उतरतंय लेकराच्या छातीत. पिळून काढायचं असतंय. सर, मी काढते."

"अव्वा, ते जन्मल्यावर असतं थोडे दिवस. ह्याला आता सहावा लागलाय."

"मग मागं राहिलं आसंल."

त्या वाकून हात पुढं करायला लागल्या, तसं मी चन्नूला पालथं करून मांडीवर ओढून घेतलं.

"हात लावायचा नाही त्याला."

सासूशी मी त्या आवाजात पहिल्यांदाच बोलले. अव्वांनी पदर झटकला. "बरं बाई. हात तुझाच चांगला. आम्ही काय, रस्त्यावरनं उचलून पोरं वाढवलीत," असं म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि थोडा वेळ भांडी जरा जास्तच वाजली.

हात माझा चांगला होता, हे मात्र खरं. अक्कलकोटला माझी आई गल्लीतली सगळी पोरं न्हाऊ घालायची. पाटावर बसून पाय लांब करायचे, लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायचं, पोर पायांच्या खोबणीत आडवं घालायचं. आधी तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग कढत पाणी हातावरून फोडून. तिचं बघून मी शिकले. सोलापुरात लग्न होऊन आल्यावर आमच्या भावकीत माझं नाव झालं, नीलाच्या पायावरचं पोर रडत नाही म्हणून. गंमत बघा, मला स्वतःला मूल नाही. त्यामुळं डोहाळजेवणात ओटी भरायला मला कोणी पुढं बोलवायचं नाही, मी आपली मागं बसून पानं लावायची. पण बाळंतीण घरी आली, की पहिला निरोप मलाच. ओटीला न चालणारी बाई न्हाणीत मात्र चालत होती. मी जायचे. मला त्याचा राग येत नव्हता असं मी म्हणणार नाही, पण पोर पायावर आलं की राग टिकायचा नाही.

चन्नू तर घरातला. मल्लिनाथ भावजी आणि भुवनाचा. भुवना विजापूरहून, माहेरून, त्याला घेऊन आली ती माझ्या मांडीवर ठेवायलाच. ती बँकेत होती, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. दिवसभर चन्नू माझा. त्याच्या टाळूवर तेल जिरवताना मला कधी कधी वाटायचं, की मला जे हवं होतं ते मिळालं, फक्त दुसऱ्या दारानं आलं.

आणि त्या दिवसांत मला बरंही वाटत होतं. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चन्नूच्या जन्माच्या आधी दोन वर्षं माझं ऑपरेशन झालं होतं. चॉकलेटच्या गाठी म्हणतात तसल्या. त्यांनी दोन्ही अंडाशयं इतकी खाल्ली होती, की पिशवीसकट सगळंच काढावं लागलं. चाळिशीच्या आतच माझी पाळी कायमची गेली. अंगातून वाफा निघायच्या, गादी भिजायची, झोप नाही, आणि तोंड असं सुटायचं की माझे मिस्टर, सोमनाथ, दुकानातून येताना आधी अव्वांना खुणेनं विचारायचे, आज हवा कशी आहे?

डॉ. मंद्रूपकर मॅडमनी आधी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. वाफा थांबल्या, पण पायाची पोटरी सुजून दगडासारखी झाली. आत रक्ताची गुठळी धरली होती. रक्त पातळ करायच्या इंजेक्शनवर दवाखान्यात पडून राहिले. मॅडम म्हणाल्या, गोळी तुम्हाला जन्मात नाही. मग त्यांनी पट्ट्या दिल्या, कमरेखाली चिकटवायच्या, आठवड्यातून दोनदा बदलायच्या. आता सोलापूरचा उन्हाळा, तिथं भिंतीचा रंग टिकत नाही, पट्टी काय टिकणार! घामानं ती सुटायची आणि भलतीकडं जाऊन बसायची. एकदा मिस्टर ती बनियनवर पाठीला लावून अर्धा दिवस दुकानात गल्ल्यावर बसले होते. गिऱ्हाइकानं काढून हातात दिली तर म्हणाले, बामची पट्टी असेल. शिवाय जिथं चिकटायची तिथली कातडी फोडासकट सोलून यायची.

शेवटी मॅडमनी जेल दिलं. पंपाची बाटली होती. सकाळी आंघोळीनंतर दंडाला किंवा मांडीला पातळ लावायचं, सुकू द्यायचं. "सुकेपर्यंत मिस्टरांना लांब ठेवा हं," मॅडम हसून म्हणाल्या होत्या. मीही हसले. एवढंच सांगितलं त्यांनी. मूल नसलेल्या बाईला आणखी काय सांगणार?

ते जेल मला असं मानवलं, की पंधरवड्यात मी माणसात आले. झोप लागायला लागली. मिस्टरांनी हवा विचारायचं सोडलं. आणि तेवढ्यात चन्नू घरी आला.

---

पोराच्या छातीचं बघून लहान मुलांच्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी सांगितली. भुवनानं विचारलं, "कशासाठी?" तर म्हणाले, "आत कुठल्या ग्रंथीला गाठ नाही ना, एवढं बघून घेऊ." गाठ म्हटल्यावर आम्ही सगळेच मेलो. मल्लिनाथ भावजी दिवसभर घरात फेऱ्या मारायचे. अव्वांनी सिद्धेश्वराला काय काय बोलून ठेवलं त्यांचं त्यांना ठाऊक. मी तर रोज सकाळी त्याला आणखी जपून न्हाऊ घालत होते. जरा जास्तच वेळ मांडीवर ठेवून घेत होते. मला वाटायचं, ह्या पोराला काही झालं तर मी जगायची नाही.

रिपोर्ट घेऊन आम्ही चौघं गेलो. भुवना, मल्लिनाथ भावजी, मी, आणि माझ्या मांडीवर चन्नू. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचले.

"गाठ नाही," ते म्हणाले. "पण ह्याच्या रक्तात बायकांचं हार्मोन आहे. बरंच आहे. ते ह्याच्या अंगात तयार होत नाहीये, म्हणजे बाहेरून येतंय. घरात कोणी तसलं औषध वापरतं का? अंगाला लावायचं. मलम, जेल, असं काही?"

"नाही हो डॉक्टर," भावजी म्हणाले. "आमच्याकडं कोण लावणार तसलं?"

भावजींना माहीत नव्हतं. बायकांची औषधं पुरुषांच्या कानावर घालायची पद्धत आमच्यात नाही. भुवनाला माहीत होतं. ती खाली मान घालून पर्सची चेन उघडबंद करत राहिली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेवढी संधी तिनं मला दिली.

"मी लावते," मी म्हणाले.

"कुठं लावता?"

"मांडीला. रोज सकाळी. हाताला लावलं तर बाळाच्या न्हाण्यात धुऊन जाईल, म्हणून."

"मग बाळाला ते लागतं कसं?"

मी मांडीवरच्या चन्नूकडं बघितलं. भुवनाच बोलली.

"रोज त्यांच्या मांडीवर न्हातो ना तो, डॉक्टर. तेल लावून."

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. "सुटलात," ते म्हणाले. "अहो, सुटलात तुम्ही. तेल, गरम पाणी, उघडी कातडी, सगळं त्याच्यात जिरत होतं. ते बंद करा. दोन-चार महिन्यांत छाती आपोआप बसेल. पुढं काही त्रास राहायचा नाही."

भावजी हसायला लागले आणि हसता हसता रडले. मलाही सुटल्यासारखं झालं, खरंच झालं. देवाशप्पथ, त्या क्षणी मला फक्त तेवढंच कळत होतं, की पोराला काही नाही. मग भुवना उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

"द्या अक्का," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मी दिला.

घरी अव्वांना समजावून सांगायला बराच वेळ लागला.

"म्हंजे तुझं औषध लेकरात गेलं?"

"हो अव्वा."

"बायकांचं औषध? पोरग्यात?"

"हो."

त्या मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मीही दोन बोलले असते आणि मोकळी झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः पाटावर बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. पाय पुरते लांब होईनात, पोर घसरायला लागलं, आणि कधी न रडणारा चन्नू टाहो फोडून रडला. मी न्हाणीच्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. भुवना आतून दुसरा टॉवेल घेऊन आली.

---

"तुम्हाला मूल नाही, म्हणून मी ते बोललेच नाही," मंद्रूपकर मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "बाकी सगळ्यांना सांगते मी. लहान मूल असेल तर झाकून ठेवा, धुऊन मग उचला."

"मूल नाही हे खरंच आहे, मॅडम. मला गोळ्या द्या परत."

"वेडी आहात का? पोटरीतली गुठळी छातीत गेली असती म्हणजे?"

"मग पट्टी द्या."

"पट्टीनं कातडी सोलवटते तुमची."

"सोलवटू दे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, जेल दंडाला लावा, वर लांब बाहीचं घाला आणि न्हाणं दुसऱ्या कुणाला घालू द्या. कशाला जिवाला त्रास?"

आता त्यांना काय सांगणार? न्हाणं दुसऱ्या कुणी घालायचं असेल तर मी बरी राहून तरी काय करायचं होतं! मी हट्टाला पेटले. शेवटी त्यांनी पट्टी लिहून दिली. "पट्टीतलं औषध आतल्या बाजूला असतं, वरून झाकलेलं. चिकटलेली राहिली तर बाळाला धोका नाही."

भुवनानं आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. ते चालेल म्हणाले. त्या रविवारी तिनं चन्नूला आणून माझ्या पायावर ठेवलं. मी त्याला पालथं केलं, पाठीवरून तेलाचा हात फिरवला, आणि तो एकदम सैल पडला, पूर्वी पडायचा तसा. भुवना म्हणाली, "बघा, ओळखलं की पाय तुमचे." मी मान वर केली नाही, कारण डोळ्यांतलं पाणी त्याच्या पाठीवर पडत होतं.

हे सुख एप्रिलपर्यंत टिकलं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळे घरात होते. पंखा गरम वारा फेकत होता. मी चन्नूला खांद्यावर टाकून थोपटून झोपवलं होतं, आणि उठताना कमरेखाली खाजवायला हात गेला तर तिथं पट्टी नाही. नुसती ओली, सोललेली कातडी. मी कुणाला न सांगता शोधू शकले असते. पण मी तसं केलं नाही. "भुवना," मी हाक मारली, "पट्टी पडली गं कुठंतरी."

ती आतून धावत आली. झोपलेल्या चन्नूला तिनं उचललं, अंगावरचं सगळं काढलं, मानेच्या वळ्या बघितल्या, काखा बघितल्या, बोटं वेगळी करून बघितली. तो किंचाळायला लागला. अव्वा गोधड्या झटकत होत्या. भावजी पलंग ओढत होते, मिस्टर जमिनीवर पालथे पडून कपाटाखाली टॉर्च मारत होते. नखाएवढ्या पट्टीसाठी भर दुपारी सगळं घर उलटंपालटं झालं. मी मध्ये उभी राहून सगळ्यांना बघत होते. माझ्यामुळं, माझ्या एका तुकड्यामुळं.

सापडली ती माझ्याच परकराच्या नाडीला. मीच आत जाऊन बघितलं तेव्हा. बाहेर येऊन दाखवली तर सगळे हसले. अव्वासुद्धा हसल्या. भुवना हसली नाही. चन्नूला छातीशी धरून ती भिंतीला टेकून बसली होती.

"अक्का, रागावू नका," ती म्हणाली. "मला हे सारखं बघत बसणं नाही जमणार. मी तिकडं काउंटरवर असते आणि डोक्यात हेच. आज पट्टी जागेवर असेल का, त्यानं तोंडात घातली असेल का."

"नाही गं, रागावते कशाला?"

"तुमची चूक नाहीये काहीच."

"माहिताय मला."

पुढच्या आठवड्यात कस्तुराबाई नावाची एक बाई यायला लागली, न्हाण्याला आणि दिवसभर सांभाळायला.

मग मी सगळंच बंद केलं. पट्टी नाही, जेल नाही, काही नाही. मॅडमना सांगितलं नाही. महिन्याभरात माझ्या अंगाची भट्टी झाली. मी भर ताटावरून उठून नळाखाली मान धरायचे. हाडं ठणकायची. मिस्टर म्हणाले, "नीला, तू जळायलीस. कशासाठी?" त्यांनाही माहीत होतं कशासाठी. उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत.

भुवना बँकेतून आली तशी मी तिला गाठलं.

"आता अंगावर काहीच नाही बघ. सगळं सोडलं मी. कस्तुराबाईला सांग, उद्यापासून नको येऊ."

तिनं माझ्याकडं बघितलं. माझा घाम गळ्यातून ओघळत होता, तो बघितला. आणि तिचे डोळे भरून आले.

"अक्का, तुम्ही सांगताय ते खरंच असणार. पण मला कळणार कसं? एखाद्या दिवशी नाही सहन झालं आणि लावलंत तर? मी तुमच्या जागी असते तर लावलं असतं."

ती चुकीचं काही बोलतच नव्हती. भांडायला एखादा तरी शब्द मिळायला पाहिजे होता, तोही तिनं मला दिला नाही.

चन्नूची छाती हळूहळू बसली, डॉक्टर म्हणाले होते त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन. तोवर तो रांगायला लागला, मग चालायला. चालायला लागलेलं पोर ओळखीच्या माणसाकडं धावणारच. तो माझ्याकडं यायला निघाला, की कस्तुराबाई स्वयंपाकघरातून ओरडायची, "मोठ्याईला हात नाही लावायचा! बाऊ होतो!" तिला तसं सांगून ठेवलं होतं. बाई कामाला चोख होती. तिनं त्याला शिकवलं, मोठ्याईकडं जायचं तर हात मागं बांधून जायचं. मग तो पावलं टाकत यायचा, हातभर अंतरावर थांबायचा, दोन्ही हात पाठीमागं न्यायचा आणि खुदकन हसायचा. शाबासकीसाठी तो माझ्याकडं बघायचा, आणि मी टाळ्या वाजवायचे.

पुढच्या वर्षी भुवनाची बदली कोल्हापूरला झाली. भावजींनी तिकडंच काम बघितलं. सामान आधी गेलं, ही तिघं गाडीनं निघाली. अंगणात सगळे उभे होतो. अव्वांनी चन्नूची दृष्ट काढली. भुवना माझ्या पाया पडली आणि उठून उभी राहिली, ती तशीच थांबली. मग ती चन्नूकडं वळली आणि तिनं त्याला माझ्याकडं हलकेच ढकललं.

"जा, मोठ्याईला मिठी मार. जा बाळा. आज चालतंय."

मी खाली बसले. दोन्ही हात पसरले. माझ्या अंगाला तेव्हा साबणाशिवाय काही लागलेलं नव्हतं.

चन्नू धावत आला. हातभर अंतरावर थांबला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि खुदकन हसला.

"अरे, मार की मिठी," भुवना म्हणाली. "चन्नू, जा ना. काही नाही होत." तिचा आवाज चिरकला. त्यानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात आणखी घट्ट बांधून घेतले. आपण चुकत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो माझ्या टाळ्यांची वाट बघत होता.

मी टाळ्या वाजवल्या.

गाडी गेल्यावर चार दिवसांनी मी मंद्रूपकर मॅडमकडं गेले. त्यांनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. हे काय करून घेतलंत म्हणाल्या. मग वजन केलं, रक्तदाब बघितला, आणि पेन उचलून विचारलं, "आता घरात लहान कोणी आहे का?"

"नाही," मी म्हणाले. त्यांनी जेल लिहून दिलं.